पंधरा म्हणजे पंधरा

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या एका उपनगरात, एस-बानच्या, म्हणजे लोकल गाडीच्या, स्टेशनाच्या जिन्याला लागून, कपडे दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान आहे. ते चालवणाऱ्या तुर्की बाईंना सगळे आबला, म्हणजे तुर्कीत ताई, म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांच्या हाताखाली आठवड्यातले काही तास मी बसायला लागले, त्या सुरुवातीच्या दिवसांतली ही गोष्ट. पावसाळी दुपार होती, दुकानात ओल्या लोकरीचा आणि वाफेच्या इस्त्रीचा मिसळून वास भरलेला. चांगल्या कोटातला एक माणूस आला. पँट चार सेंटिमीटर आखूड करून हवी होती. आबलांनी ती उलटी केली, खालची दुमड बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, पंधरा युरो. तो म्हणाला, पलीकडच्या मॉलमध्ये दहात करतात. आबलांनी पँटची घडी घातली, क्रीजवर क्रीज धरून, अगदी नीट, आणि दोन्ही हातांनी ती त्याच्यापुढे ठेवली. "मग तिथे द्या. तेही चांगलं करतात." आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. माणूस जरासा घुटमळला, पँट उचलून निघून गेला. आबलांनी मशीनखालचं पायडल दाबलं आणि अर्धवट राहिलेली टीप पुढे चालू केली.

ती घडी माझ्या डोक्यातून जाईना. भांडण झालं असतं, आवाज चढले असते, तर संध्याकाळपर्यंत मी विसरूनही गेले असते. पण आबलांनी ना कारण सांगितलं, ना दोऱ्याचे भाव वाढल्याचं गाऱ्हाणं केलं, ना "बरं, बारा द्या" म्हटलं. दुकान त्या वेळी रिकामं होतं. दहा युरो येत होते ते गेले. शिवण मला लहानपणापासून येत होतं, त्यासाठी मी आबलांकडे गेलेच नव्हते. त्यांची मोठी मशीनं कशी चालतात, गिऱ्हाइकाशी जर्मनमध्ये काय बोलायचं, पावती कशी करायची, हे शिकायला गेले होते. त्या दुपारी कळलं की याहून अवघड असं काहीतरी त्या बाईंना येतं, आणि ते मी आमच्या घरात कधी पाहिलेलंच नाही.

आमचं घर इचलकरंजीचं. तिथे सकाळ मागांच्या आवाजाने होते आणि रात्र त्याच आवाजात झोपी जाते. माग बंद पडले की माणसं दचकून उठतात, कारण एक तर वीज गेलेली असते नाहीतर संप. आई माजघराच्या खिडकीशी उषाच्या पायमशीनवर ब्लाऊज शिवायची. बायका येताना पिशवीत कापड आणि मापाचा ब्लाऊज घेऊन यायच्या, सोबत सेफ्टी पिनेने अडकवलेली चिठ्ठी: गळा मागे खोल, बाही कोपराच्या वर, नाडीला गोंडे. आई कापड अंगठ्याने चोळून पाहायची, एकदा पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही. तिच्या हाताला इतकी सफाई होती की सराफ कट्ट्यामागच्या बायकाही रिक्षा करून यायच्या. आणि ब्लाऊज न्यायला आल्यावर "काकी, किती झाले?" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "द्या की काय द्यायचं ते. सवडीनं द्या." कुणी द्यायचं, कुणी दिवाळीनंतर द्यायचं, कुणी पुढच्या ब्लाऊजबरोबर देते म्हणायचं. वडील कौतुकानेच म्हणायचे, तिचा वेळ बरा जातो. त्या वेळातून घरचा भाजीपाला निघायचा आणि माझ्या कॉलेजची फी निघाली, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्याने कुणी म्हणत नसे.

तरुणपणी मला या प्रकाराचा फार राग यायचा.

आता तो तेवढा राहिलेला नाही. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरवडाभर आमच्या घरी चूल पेटवावी लागली नाही. ज्या बायकांनी ब्लाऊजचे पैसे सहा-सहा महिने दिले नव्हते, त्याच डबे घेऊन आल्या. एकीने दवाखान्यात रात्री सोबत केली. एकीच्या नवऱ्याने माझ्या भावाला आपल्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देण्याच्या कारखान्यात, हिशेबाला लावलं. आईने न मागितलेले पैसे असे वेगळ्या वाटांनी घरात परत येत होते. म्हणजे तिलाही दर होता, फक्त तो आकड्यात नव्हता. गल्ली, नाती, सणवार, ओळखीपाळखी यांतून तो वसूल व्हायचा, आणि वसूल होईल याची तिला खात्री असायची, कारण ती मेलेल्या माणसांपासून जन्मलेल्या मुलांपर्यंत त्या गल्लीत सगळ्यांना ओळखत होती.

हा असा हिशेब डोक्यात घेऊन मी जर्मनीत आले. नवऱ्याला इथे मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत नोकरी लागली, ब्लू कार्ड मिळालं. पुण्याहून, चाकणहून या भागात येणाऱ्या बहुतेक घरांची गोष्ट इथपर्यंत सारखीच असते. पुढची गंमत मात्र पुष्कळ जणींना माहीत नसते. ब्लू कार्ड हा शिकलेल्या परदेशी माणसाला नोकरीसाठी दिलेला राहण्याचा परवाना असतो. त्यावर नवऱ्याला सहज उठून स्वतःचा धंदा काढता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. जोडीदाराच्या परवान्यावर मात्र कमाईला मुभा असल्याचं छापलेलं असतं, आणि त्यात नोकरीही आली, स्वतःचा व्यवसायही आला. २०१३ पासून कुटुंबासोबत येणाऱ्या सगळ्यांना ही मोकळीक आहे. याउलट, उद्योजक म्हणूनच या देशात यायचं असेल तर रस्ता खडतर. २०१२ पर्यंत अशा माणसाकडून साधारण अडीच लाख युरोंची गुंतवणूक आणि पाच नोकऱ्या अपेक्षित असत. आता तो आकडा कायद्यात राहिलेला नाही, पण योजना, भांडवल, आणि वय पंचेचाळीसच्या वर असेल तर म्हातारपणीची सोय, हे सगळं दाखवावं लागतं. मला यातलं काहीच दाखवावं लागलं नाही. "डिपेंडंट" म्हणून ज्या कार्डाकडे मी जरा नाराजीनेच पाहत होते, त्यानेच मला धंद्याचं दार उघडून दिलं. मी भेटेल त्या मराठी बाईला हे सांगत असते. कार्डाची दुसरी बाजू वाचा.

धंद्याची नोंद अगदी पटकन झाली. नगरपालिकेच्या गेवेर्बेआम्टमध्ये, म्हणजे धंदे नोंदवण्याच्या कचेरीत, एक फॉर्म, पासपोर्ट, कार्ड आणि थोडीशी फी. कागद हातात घेऊन मी बाहेर आले तेव्हा पार्किंगची वेळही संपली नव्हती. मग पत्रांचा पाऊस सुरू झाला. फिनान्त्सआम्टची, म्हणजे कर कचेरीची, प्रश्नावली: यंदा किती कमवाल, पुढच्या वर्षी किती. हांडवेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांच्या मंडळाचं पत्र. त्यांच्याकडे फोन केला तर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: तुम्ही तयार कपडे दुरुस्त करणार की नवे शिवणार? मला वाटलं, शिवण ते शिवण. पण त्यांच्या यादीत हे दोन वेगळे धंदे आहेत आणि दोन्हींची नोंद वेगळी. साडीवरचा ब्लाऊज कापडातून बेतून शिवायचा तर तो नव्या कपड्यांत मोडतो. जीन्सची लांबी कमी करणं दुरुस्तीत. मी दोन्ही लिहायला सांगितलं.

या फरकामागे केवढी मोठी गोष्ट दडलेली आहे ते मला आबलांनी सांगितलं. जर्मनीतल्या कुठल्याही गावात जा, कपडे दुरुस्तीच्या दुकानावर बहुधा तुर्की नाव दिसतं. तुर्कस्तानशी कामगारांचा करार झाला ३० ऑक्टोबर १९६१ रोजी. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलाच्या संकटाच्या वेळी भरती थांबली, मग कारखान्यांतून माणसं कमी होऊ लागली. या भागातल्या श्वेबिश आल्बच्या डोंगराळ गावांत विणमालाच्या गिरण्या होत्या. आबलांची आई त्यांतल्याच एका गिरणीत बनियनच्या बाह्या जोडायची. गिरणी बंद झाली. हातात कसब होतं, पण दुकान काढायचं कसं? एक तर त्या काळच्या परवान्यावर शिक्का असायचा, स्वतंत्र व्यवसाय करण्यास मनाई. आणि तो शिक्का गेला तरी शिंप्याचं दुकान काढायला माइस्टरची पदवी लागायची, वर्षानुवर्षं उमेदवारी करून आणि परीक्षा देऊन मिळणारी. दुरुस्तीला मात्र ती लागत नव्हती. म्हणून ज्यांना अख्खा सूट बेतता येत होता अशी माणसं आयुष्यभर दुसऱ्यांनी शिवलेल्या पँटी आखूड करत बसली. २००४ मध्ये ९४ पैकी ५३ कारागिरीच्या धंद्यांवरची माइस्टरची अट निघाली, त्यात शिंपीकामही होतं. आबलांच्या आईला तोवर सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता.

पूर्व जर्मनीतही असंच. व्हिएतनाममधून १९८० नंतर करारावर आलेले कामगार पाळी संपल्यावर वसतिगृहाच्या खोल्यांत रात्री जीन्स शिवून विकायचे, कारण दुकानांत मनासारख्या जीन्स मिळत नव्हत्या. बर्लिनची भिंत पडली, कारखाने बंद झाले, आणि राहायचं तर कमाई दाखवा अशी अट आली. त्यांतल्या पुष्कळांनी फुलांची, भाज्यांची, खाण्याची आणि शिवणकामाची दुकानं काढली. परक्या देशात छोटा धंदा काढणाऱ्याला लोक धाडसी म्हणतात. मला वाटतं, बहुतेकांच्या बाबतीत बाकीची दारं बंद असतात आणि एक अरुंद दार किलकिलं असतं, त्यातून माणूस अंग चोरून आत शिरतो. आत शिरल्यावर तो जे उभं करतो, ते मात्र खरंच मोठं असतं.

माझं अरुंद दार डिर्न्डल नावाच्या बायकांच्या पारंपरिक पोशाखाने उघडलं. सप्टेंबरअखेर इथे कान्श्टाटची जत्रा भरते. १८१६ साली उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, लोक उपाशी मेले. त्यातून सावरल्यावर राजा विल्हेल्म पहिला याने १८१८ मध्ये शेतकऱ्यांसाठी ही जत्रा सुरू केली. डिर्न्डल हा खरं तर शेजारच्या बव्हेरियाचा वेष, पण आता जत्रेला जाणाऱ्या बहुतेक मुली तो घालतात, आणि ऑगस्टपासून दुकानात त्यांचा ढीग लागतो. गेल्या वर्षी घेतलेला यंदा बसत नाही, आईचा लेकीला सैल होतो. पहिलं डिर्न्डल आबलांनी माझ्यापुढे टाकलं तेव्हा मी ते उलटं केलं आणि बघतच राहिले. कमरेपर्यंत अंगाबरोबर बसणारी चोळी, पुढून हुक, छातीवरून खाली उतरणाऱ्या दोन शिवणी. आमच्याकडे ज्याला प्रिन्सेस कट म्हणतात अगदी तोच. अस्तर वेगळं. आणि बगलेखालच्या शिवणीत दोन्हीकडे भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली, पुढे-मागे उसवून वाढवता यावी म्हणून. कुणा बव्हेरियन शिंपिणीने ती सोडली होती, आई सोडायची तशीच. कापड जाड कॉटनचं, पण मुंढ्याचा गोल बरोबर ओळखीचा. छातीत घट्ट आणि खांद्यात सैल असा कपडा कसा दुरुस्त करायचा हे ज्याने ब्लाऊज शिवलेत त्याला शिकवावं लागत नाही. तेवढ्या एका कामात मी आबलांच्या पुढे होते. त्यांनी ते लगेच ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून डिर्न्डल घेऊन आलेल्या बाईला त्या सरळ माझ्याकडे वळवू लागल्या. दर त्या सांगायच्या.

दर मी सांगायची वेळ घरच्या कामात आली. गणपती आणि जत्रा एकाच सुमारास येतात, आणि आमच्या मराठी मंडळातल्या बायकांना ब्लाऊज हवे असतात. भारतातून शिवून आणलेले इथल्या वर्षभराच्या चीज-पावाने बसेनासे होतात. पहिल्यांदा ज्या मैत्रिणीने दर विचारला, तिने तो ऐकून मनापासून आश्चर्याने म्हटलं, "अगं, पुण्यात एवढ्यात चार होतात. आणि आपल्या-आपल्यात काय!" ती कंजूष नाही. माझी मुलगी तापाने फणफणली होती आणि नवरा गावाला होता, तेव्हा रात्री गाडी काढून आम्हाला इस्पितळात नेणारी तीच. म्हणजे आईच्या गल्लीतला व्यवहार इथेही आहे, त्याचे धागे बारीक आहेत एवढंच. मग मी तिच्याकडून पूर्ण पैसे कसे घ्यायचे? आणि न घेऊन कसं चालायचं?

यावर मी खूप विचार केला. आईला कमी घेणं परवडत होतं, कारण घर स्वतःचं, मशीन माहेरचं, आजारपणात माणसं उभी. इथे आजारपणाला विमा उभा राहतो, माणसं नाहीत, आणि विमा उपकाराची भाषा जाणत नाही. नवऱ्याच्या सरकारी विम्यात बायको फुकट असते, पण तिची स्वतःची कमाई मर्यादेपलीकडे गेली की ती बाहेर. २०२५ मध्ये ही मर्यादा महिन्याला ५३५ युरो होती. बाहेर पडलं की स्वतःचा हप्ता, तो दोनशे युरोंच्या वर. म्हणजे थोडंसं कमावलं तर चालतं, बऱ्यापैकी कमावलं तरी चालतं, मधल्या पट्ट्यात मात्र जास्त शिवून हातात कमी उरतं. छोट्या धंद्याला विक्रीकरातून सूट आहे, २०२५ पासून ती वर्षाला २२ हजारांऐवजी २५ हजार युरोंच्या उलाढालीपर्यंत झाली, पण तीही आयकराची सूट नव्हे. सुया, दोरा, वीज, दुकान असेल तर भाडं, आणि रविवार सक्तीने बंद. यांतलं कुणीही "सवडीनं द्या" म्हणत नाही. आबलांची ती घडी मला इथे उमगली. त्या माणसाशी त्यांचं दुसरं कुठलंच नातं नव्हतं. तो त्यांच्याकडे कधी डबा घेऊन येणार नव्हता. जे काही द्यायचं-घ्यायचं ते त्या पंधरा युरोंतच व्हायचं होतं, त्यातले पाच गेले असते तर ते कुठूनही परत आले नसते.

मैत्रिणीला मी पूर्ण दर लावला. ती जरा गप्प झाली, मग दिला. तिच्या घरच्या बारशाला मी तिच्या सासूबाईंच्या जुन्या पैठणीचं कुंची-झबलं शिवून नेलं, त्याचा दर काढायचा विचारही मनाला शिवला नाही. ते दोन व्यवहार मी आता वेगळे ठेवते. पहिल्यांदा वेगळे करताना पोटात कालवाकालव झाली होती, अजूनही थोडी होते. तिच्याकडे पाहताना कधीकधी वाटतं की आमच्यातला एक मऊ कोपरा त्या पावतीने जरा कडक झाला. तसं झालं असेलही. पण तिने त्यानंतर चार बायका पाठवल्या, आणि त्यांना दर तिनेच आधी सांगून ठेवला होता.

आबला आता थकल्या आहेत. गुडघे दुखतात, मुलगा बँकेत आहे, दुकान घेणार नाही. जानेवारीपासून तू घे म्हणतात. घरमालकाशी बोलणं झालंय. मशीनांचे म्हणून त्यांना एकरकमी पैसे द्यायचे आहेत: प्फाफ कंपनीचं जुनं दणकट मशीन, दुमडीची टीप बाहेर दिसू न देणारं मशीन, ओव्हरलॉक, वाफेची इस्त्री. त्यांनी आकडा सांगितला, मी तो कमी करा म्हटलं नाही. दरपत्रक मात्र नवं करायचंय. नवरा म्हणाला, इथल्या पद्धतीने आकड्यापुढे "पासून" लिही, पंधरापासून, पंचावन्नपासून. आबलांनी हातानेच नको केलं. गिऱ्हाईक फक्त आकडा वाचतं, म्हणाल्या, "पासून" वाचत नाही, आणि मग काउंटरवर रोज तेच बोलणं. तेव्हा सगळे पक्के आकडे. फक्त कोटाचं अस्तर आणि चामड्याचं काम बघून सांगायचं.

रविवारी आईला व्हिडिओवर ते दरपत्रक वाचून दाखवलं. मागे मागांचा आवाज होता, त्यामुळे काही ओळी दोनदा वाचाव्या लागल्या. पँट आखूड करणं, जॅकेटची चेन बदलणं, डिर्न्डल कमी-जास्त करणं. ब्लाऊज, पंचावन्न युरो. तिने मनात रुपये केले. मला वाटलं, आता म्हणेल, एवढे कसे मागतेस गं लोकांना.

"अस्तर तुझं का गिऱ्हाइकाचं?" तिने विचारलं.

माझं, मी म्हटलं.

"मग ठीकाय. पण फॉल-पिकोचे त्यात धरू नकोस. त्याचे वेगळे लाव."